‘मित्र’ या शब्दाची अडचण

चित्रकथा हा माझ्या अभ्यासाचा विषय नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. माझे संशोधन एकोणिसाव्या शतकातील मराठी कादंबरीवर झाले. माझ्या पिढीने मे महिन्याच्या सुटीत इंद्रजाल कॉमिक्स आणि अमर चित्र कथा वाचल्या, आणि शहाणपण आले तसे त्या माळ्यावर टाकून दिल्या. चित्रकथेला रूपबंध असतो, तिचे स्वतःचे निवेदनशास्त्र असते, हे मी वाचून जाणत होते. पण ते जाणणे परीक्षेपुरते होते.

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या एका विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी विषय आणला : प्रेमकथापर चित्रकथांतील समलिंगी नाते आणि कुटुंब. मी त्याला सांगितले की, विषय चांगला आहे, पण मराठी विभागात तो बसणार नाही. साधनसामग्री जपानी, ती वाचायची इंग्रजी अनुवादातून, आणि मार्गदर्शकाला या प्रकाराची माहिती नाही. तिन्ही कारणे खरी होती. तो म्हणाला, “मॅडम, आधी वाचून तरी बघा,” आणि चार-पाच पुस्तके माझ्या टेबलावर ठेवून गेला. पुढे त्याने ग्रामीण कथेवर लघुप्रबंध लिहिला आणि तो उत्तम लिहिला. पुस्तके माझ्याकडेच राहिली. ती वाचताना जे घडले त्याचा हिशेब येथे मांडायचा आहे. त्यात समीक्षा किती आणि कबुली किती, हे मला नीट वेगळे करता आलेले नाही.

२

प्रेमकथापर चित्रकथा हा प्रकार अमेरिकेत १९४७ मध्ये जो सायमन आणि जॅक कर्बी यांच्या ‘यंग रोमान्स’पासून रूढ झाला. या प्रकाराचा संकेतव्यूह साधा आहे : भेट, अडथळा, गैरसमज, अश्रू आणि शेवटी विवाह. १९५४ मध्ये तेथील प्रकाशकांनी स्वतःवर जी आचारसंहिता लादून घेतली, तिने या संकेताला नियमाचे रूप दिले. प्रेमकथांनी घराचे मूल्य आणि विवाहाचे पावित्र्य यांवर भर द्यावा असे तिच्यात स्पष्टच म्हटले होते, आणि लैंगिक ‘विकृती’चा नुसता सूचक उल्लेखही निषिद्ध ठरवला होता. म्हणजे या रूपबंधाची भरतवाक्ये आधीच ठरलेली होती. लेखकाने मधला मजकूर तेवढा भरायचा.

आता ज्या प्रेमाला विवाहाचा शेवटच उपलब्ध नाही, ते या रूपबंधात आले तर काय होईल? प्रश्न वरवर तांत्रिक आहे. कथा संपवायची कोठे, एवढाच. परंतु रूपबंधाचा प्रश्न हा बहुधा समाजाचा प्रश्न असतो, हे आपण कादंबरीच्या अभ्यासातून शिकलो आहोत.

जपानमध्ये मुलींसाठीच्या चित्रकथांत हे प्रेम १९७० च्या दशकात आले. मोतो हागिओ यांची ‘थॉमसचे हृदय’ १९७४ मध्ये आणि केइको ताकेमिया यांची ‘वारा आणि वृक्ष यांचे गीत’ १९७६ मध्ये मासिकांतून येऊ लागली. पहिलीची पार्श्वभूमी जर्मन वसतिशाळेची, दुसरीची फ्रेंच. लेखिका जपानी, वाचक जपानी मुली आणि पात्रे युरोपातील किशोर मुलगे. हे अंतर मुद्दाम राखलेले होते. स्वतःच्या देहावर आणि भवितव्यावर रोखलेल्या कुटुंबाच्या नजरेपासून दूर जाऊन त्या मुलींना प्रेमाचा विचार करता यावा, अशी ती सोय होती. वसतिशाळेत आईवडील नसतात. असतात ते पत्रांतून आणि आठवणींतून. पुढे या प्रवाहाचा विस्तार झाला, त्याला हौशी लेखिकांची मोठी चळवळ लाभली, आणि त्यातील बऱ्याच लेखनाने घर ही गोष्ट जवळजवळ विसरूनच टाकली.

१९९२ मध्ये मासाकी सातो या समलिंगी कार्यकर्त्याने ‘श्वाझिर’ या स्त्रीवादी अनियतकालिकात या लेखनावर संतप्त हल्ला चढवला. त्याच्या आक्षेपाचा गाभा असा : तुमच्या पानांवरील सुंदर मुलग्यांचा आमच्या जगण्याशी काही संबंध नाही; आमची प्रतिमा तुम्ही तुमच्या सुखासाठी वापरता. त्यावर लेखिका-वाचकांकडून उत्तरे आली. काहींनी चूक मान्य केली, काहींनी कल्पिताचे स्वातंत्र्य पुढे केले, आणि हा वाद काही वर्षे चालला. आपल्याकडे दलित साहित्याच्या संदर्भात अनुभवाची प्रामाणिकता आणि परकायाप्रवेश यांची जी चर्चा झाली, तिच्या अगदी जवळचा हा वाद आहे. कोणाचे दुःख कोणी लिहायचे, हा प्रश्न तेथेही सुटला नाही. मात्र वादानंतर जे लिहिले गेले त्यातील दोन कृती मला त्या प्रश्नाची निराळी उत्तरे वाटतात. एक स्त्रियांच्या त्या प्रवाहातून आलेल्या लेखिकेची आहे, दुसरी समलिंगी पुरुषांच्या नियतकालिकांतून आलेल्या लेखकाची. दोघेही सर्वसाधारण पुरुषवाचकांच्या नियतकालिकांत आले आणि दोघांनीही कथा घरात आणून सोडली.

३

फुमि योशिनागा यांची ‘काल काय खाल्लेस?’ ही चित्रकथा २००७ पासून कोदान्शाच्या ‘मॉर्निंग’ या साप्ताहिकात येऊ लागली. तोक्योमध्ये एकत्र राहणारे दोन पुरुष : वकील काकेइ शिरो, वय ४३, आणि केशकर्तनालयात काम करणारा याबुकी केंजी, वय ४१. शिरो सहाच्या सुमारास कचेरीतून निघतो, सुपरमार्केटमध्ये भाव पाहून भाजी घेतो, घरी येऊन स्वयंपाक करतो, दोघे जेवतात. प्रत्येक प्रकरणात एका जेवणाची संपूर्ण कृती असते. पात्रांची वये वाचकाच्या वर्षांबरोबर वाढतात. कथानक म्हणावे असे जवळजवळ काही नाही.

रोलाँ बार्थने १९६८ मधील एका निबंधात ‘वास्तवाचा परिणाम’ ही संकल्पना मांडली, ती आपल्या अभ्यासक्रमात आता रुळली आहे. कथानकाला ज्याची गरज नाही असा तपशील कृतीत येतो आणि ‘मी वास्तव आहे’ एवढेच सांगतो. योशिनागांच्या पानांवरील मुळ्याचा भाव मला प्रथम अशाच निरुपयोगी तपशिलासारखा वाटला. दुसऱ्या वाचनात ही समजूत टिकली नाही. शिरोने खाण्याचा महिन्याचा खर्च पंचवीस हजार येनांत बसवलेला असतो, तो छंद म्हणून नव्हे. त्याला मूल नाही, होणार नाही. त्याच्या सोबत्याला कायद्याने वारसा नाही. म्हातारपण स्वतःच्या पैशावर काढायचे आहे. सोयासॉसच्या बाटलीची किंमत ही या प्रेमकथेतील सर्वांत भावनिक नोंद आहे. प्रेमाला कायद्याचा आधार नसला की ते काटकसरीच्या रूपात प्रकट होते, हे ज्या कृतीने दाखवले तिला वास्तववादी म्हणताना मला अवतरणचिन्हे लागत नाहीत.

कुटुंबाचे दडपण येथे ओरडून येत नाही. शिरोच्या आईवडिलांना ठाऊक आहे. आई फोनवर सांगते की, समलिंगी असणे लाज वाटण्यासारखे नाही, तू कचेरीतही सांगायला हवेस. मुलगा गुन्हेगार असो की समलिंगी असो, आम्ही त्याला स्वीकारणारच. त्या माउलीच्या तोंडी हे दोन शब्द एका दमात येतात, आणि ते एका दमात आले हे तिच्या लक्षात येत नाही. खलपात्र उभे करणे सोपे असते. प्रेमाने बोलणाऱ्या आईच्या वाक्यरचनेत दडलेला नकार ऐकू येणे यासाठी निराळा कान लागतो.

पुढे एका नववर्षाला शिरो केंजीला आईवडिलांच्या घरी घेऊन जातो. जेवण होते, जुने फोटो पाहिले जातात. जोडीदाराच्या आईवडिलांकडे असे जेवायला बोलावले जाणे हे केंजीला स्वप्नातही अशक्य वाटत आलेले असते. परतताना त्याला रडू आवरत नाही. सामान्य प्रेमकथा येथे संपली असती. योशिनागा थांबत नाहीत. नंतर केव्हातरी वडील मुलाला सांगतात की, तुम्ही गेल्यावर तुझ्या आईने अंथरूण धरले. यापुढे त्याला आणू नकोस. आईला केंजी वाईट वाटला असे नाही. तो चांगला आहे, आणि तरीही तिला सोसत नाही. शिरो भांडत नाही. यापुढे नववर्ष केंजीबरोबर साजरे करायचे असे तो ठरवतो. चाळिशी उलटलेल्या मुलाने घर बदलल्याची ही नोंद इतक्या खालच्या सुरात येते की घाईने वाचणाऱ्याच्या ती लक्षातही येणार नाही.

याच मालिकेत दुसरे एक जोडपे आहे. त्यातील एकाला आपली मिळकत आईवडिलांकडे जाऊ द्यायची नाही, ती सोबत्याला मिळावी म्हणून तो शिरोकडे सल्ला मागतो. उपाय निघतो तो दत्तकाचा. जपानी कायद्यात प्रौढाला दत्तक घेता येते. घेणाऱ्याचे वय एका दिवसाने जास्त असले तरी पुरते. प्रियकराने प्रियकराचा बाप व्हायचे! कुटुंबसंस्थेने दार लावून घेतले की माणसे तिच्याच खिडकीतून आत शिरतात. जपानमध्ये काही नगरपालिका २०१५ पासून अशा जोडप्यांना प्रमाणपत्रे देऊ लागल्या. पण प्रमाणपत्राने वारसा मिळत नाही.

४

दुसरी कृती गेंगोरो तागामे यांची ‘धाकट्या भावाचा नवरा’. ही २०१४ ते २०१७ या काळात ‘मंथली अॅक्शन’मध्ये आली. तागामे तोपर्यंत समलिंगी पुरुषांच्या नियतकालिकांतील प्रखर कामुक चित्रांसाठी ओळखले जात. येथे त्यांनी एका लहान मुलीलाही वाचता यावी अशी कथा लिहिली. याइचि हा घटस्फोटित बाप, काना ही त्याची मुलगी. याइचिचा जुळा भाऊ र्‍योजी कॅनडात गेला, तेथे त्याने माइक नावाच्या पुरुषाशी विवाह केला, आणि तो मरण पावला. एके दिवशी माइक याइचिच्या दारात उभा राहतो.

तागामे यांची एक लकब लक्षात राहते. एका चौकटीत याइचि मनात आलेले बोलतो : झिडकारतो, ओरडतो, नाही म्हणतो. पुढच्या चौकटीत कळते की तो तसे काही बोललेला नाही. प्रत्यक्षात तो सभ्यपणे हसला आहे. स्कॉट मक्लाउड यांनी १९९३ मध्ये चित्रकथेचे जे विवेचन केले, त्यात दोन चौकटींमधल्या मोकळ्या पट्टीला फार महत्त्व आहे. कथा तेथे घडते आणि ती वाचक घडवतो. तागामे यांनी त्या पट्टीत मध्यमवर्गीय सभ्यता नेऊन बसवली आहे. याइचिने भावाला कधी घराबाहेर काढले नाही, कधी वाईट शब्द वापरला नाही. शाळेत असताना भावाने सांगितले, याने ऐकून घेतले, आणि त्यानंतर दोघांचे बोलणे हळूहळू कमी होत गेले. या कथेत आईवडील आधीच वारलेले आहेत. कुटुंबाचे दडपण म्हणून जे उरले आहे, ते म्हणजे एका सज्जन भावाचे न बोलणे.

या कथेत एक प्रसंग आहे. एका ओळखीच्या माणसासमोर माइकची ओळख करून द्यायची वेळ येते आणि याइचि सांगतो : भावाचा मित्र. नंतर तो स्वतःलाच विचारतो की, ‘नवरा’ हा शब्द मला का उच्चारता आला नाही?

येथवर मी समीक्षक म्हणून वाचत होते. हे पान मी मिटून ठेवले.

माझे वडील २०१९ च्या डिसेंबरात गेले. माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. गेली कित्येक वर्षे तो आणि त्याचा सोबती एकत्र राहतात. वडिलांच्या शेवटच्या आजारात रुग्णालयात रात्री थांबायला हा सोबतीच अधिक वेळा होता, कारण त्याची नोकरी घरून करण्यासारखी होती. तेथल्या कागदावर ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात त्याने आपल्या हाताने ‘परिचित’ असे लिहिले होते. मला तो पहिल्या भेटीपासून ‘ताई’ म्हणतो.

तेराव्याच्या पंगतीत तो वाढत होता. आत्याने मला जवळ बोलावून विचारले, “हा कोण गं?” मी म्हटले, “त्याचा मित्र. दोघं एकत्र राहतात पुण्याला. भाड्याला बरं पडतं.” तो तीन पावलांवर वरणाचे भांडे घेऊन उभा होता. त्याने आत्याच्या पानाकडे पाहून विचारले, “अजून वाढू का?”

घर भाड्याचे नव्हते. दोघांनी मिळून कर्ज काढून घेतलेले होते आणि ते मला माहीत होते. ‘मित्र’ एवढे म्हणून मी थांबू शकले असते; परंतु खोट्याला टेकू लागतो, म्हणून मी भाड्याचा तपशील जोडला. कथेला ज्याची गरज नाही आणि जो केवळ ‘हे खरे आहे’ असे सांगतो, असा तपशील. बार्थ मी दहा वर्षे शिकवला होता. त्याचा इतका अचूक उपयोग मी त्याआधी कधी केला नव्हता.

त्यावेळी ३७७ व्या कलमाचा निकाल लागून वर्ष उलटले होते. ६ सप्टेंबर २०१८ ला मी वर्गात त्याविषयी बोललेही होते. म्हणजे मला भीती कायद्याची नव्हती, आत्याचीही नव्हती. चटकन देता येईल असा शब्दच जवळ नव्हता, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. हे कितपत खरे आहे, ते तपासले पाहिजे.

५

मराठीत भावाच्या बायकोला वहिनी आहे, भावजय आहे. बहिणीच्या नवऱ्याला मेहुणा आहे. भावाच्या जोडीदाराला शब्द नाही. ‘सहचर’ पुस्तकी वाटतो, ‘पार्टनर’ व्यवहारातला आणि धंद्याचा. उरतो तो ‘मित्र’. तेंडुलकरांच्या १९८१ च्या नाटकाचे नावच ‘मित्राची गोष्ट’ आहे, आणि तेथे ‘मित्र’ हे सुमित्रेचे नाव आहे. मराठी रंगभूमीने एका स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम त्या नावाखाली आणले आणि नायिकेच्या आत्महत्येने संपवले. त्या काळात ते धाडस होते यात शंका नाही. पण आपल्याकडे हे नाते दीर्घकाळ दिसले ते असे अपवादाच्या आणि शोकांतिकेच्या प्रकाशात. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ने २००६ मध्ये त्याला पुणेरी मध्यमवर्गीय घरात आणले, तेथे एकाच पाहुण्यावर प्रेम करणारे भाऊ-बहीण घराच्या एकाच शिस्तीखाली निरनिराळे चिरडले जातात. तरीही महिन्याचा किराणा, कर्जाचा हप्ता, आजारी वडिलांपाशी कोणी झोपायचे याची वाटणी, अशा साध्या दिवसांत हे नाते दाखवणारे लेखन आपल्याकडे विरळ आहे.

हे आश्चर्याचे आहे, कारण मराठी वास्तववादाचा उगमच कुटुंबाच्या दडपणात आहे. १८९० मध्ये ‘करमणूक’मधून ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः येऊ लागली. हरिभाऊंनी त्या कादंबरीत माजघर, ओसरी, सोवळे आणि स्वयंपाक यांच्या तपशिलांतून एका मुलीचा जीव कसा घुसमटतो ते दाखवले. यमूला छळणारे सगळेच दुष्ट नसतात. पुष्कळजण केवळ रीत पाळत असतात. त्या कादंबरीवर मी शेकडो पाने लिहिली आहेत. विद्यार्थ्याने जी पुस्तके टेबलावर ठेवली, त्यांना वाचण्याची सामग्री मला तिथूनच मिळाली होती. विषय मराठी विभागात बसत नाही, हे माझे विधान म्हणूनच चुकीचे होते. तो नेमका तेथेच बसत होता. बसत नव्हते ते माझे मन.

शब्दाच्या अभावाचे म्हणाल, तर माझ्या मुलीला तो कधी जाणवला नाही. ती दोघांनाही मामा म्हणते, एकाला मोठा आणि एकाला धाकटा. तागामे यांच्या कथेतील काना माइकला पाहून आपल्याला परदेशी काका मिळाला म्हणून हरखते, ते वाचताना मला लेखकाचा थोडा भाबडेपणा वाटला होता. तो भाबडेपणा नाही. नात्याचे शब्द मुले हक्काने घेतात, मोठी माणसे परवानगीने.

पुस्तके वाचून झाल्यावर मी भावाला फोन केला आणि तेराव्याच्या दिवसाविषयी बोलले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ताई, मित्र म्हणालीस त्याचं त्याला काही वाटलं नाही, सवय आहे. भाड्याचं मात्र लागलं. हप्ता तो भरतो.”

क्षमा मागण्यासाठी मी जी वाक्ये जुळवली होती ती मग मी उच्चारली नाहीत.

आईला हे सारे किती माहीत आहे, ते मला सांगता येणार नाही. दिवाळीला ती पुण्याला फराळ पाठवते तो दोन निराळ्या डब्यांत : चकल्या सारख्या मोजलेल्या, लाडू सारखे मोजलेले, आणि दोन डब्यांवर दोन नावे. ही मान्यता आहे, की दोघे दोन बिऱ्हाडे आहेत असे शेजाऱ्यांना दाखवणे आहे? माझा भाऊ म्हणतो, विचारू नकोस. योशिनागांनी हे दोन डबे काढले असते आणि उत्तर न देता पुढच्या चौकटीत स्वयंपाक सुरू केला असता. वास्तववादाकडून मी आता एवढीच अपेक्षा करते. त्याने निकाल देऊ नये. डबे दोन आहेत हे पाहावे.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहांना मान्यता देण्यास नकार दिला. त्या रात्री भावाचा फोन आला तो गृहकर्जाचा विमा आणि मृत्युपत्र यांविषयी विचारण्यासाठी. आमच्या नात्यात कोणी ओळखीचा वकील आहे का, असे तो विचारत होता. मी नाव दिले. वकिलांना आधी फोन करून ठेव, असे तो म्हणाला, आणि कोणासाठी म्हणून सांगशील, असेही त्याने विचारले. मी म्हटले, माझ्या भावासाठी आणि त्याच्या जोडीदारासाठी. शब्द अजूनही जिभेवर अवघडच होता.

ती पुस्तके मी विभागाच्या ग्रंथालयात द्यायची म्हणून बाजूला काढली आहेत. ग्रंथपालांनी विचारले की, वर्गीकरण कशाखाली करू. मी कादंबरी असे सांगितले.